जावा कापणाऱ्यांनो, ग्राइंडर खाली ठेवा

टाकीवाला: काल इथे एकाने लिहिलं, "रिस्टोर केलेली जावा मोटरसायकल म्हणजे शोकेसमधली बाहुली. मडगार्ड उडवा, मागचं कापून हलकी बॉबर करा, गाडी जगेल." वाचून डोकं फिरलं. बाबांची १९६८ ची जावा काकांनी परस्पर विकली होती. आठ वर्षं शोधून एका गॅरेजात सापडली. सीटमागची फ्रेम ग्राइंडरने उडवलेली, टाकीवरच्या क्रोमवर मॅट काळा रंग. टाकी उलटी केली, तर बाबांनी खिळ्याने कोरलेलं आईचं नाव तसंच होतं. तिथेच फतकल मारून बसलो. जावाचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. कापलेली फ्रेम आता कोण देणार?

बॉबरवाला: ते लिहिणारा मीच. तुमच्या बाबांच्या गाडीचं वाईट वाटलं, पण माझी जावा मी भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलली. दोन दिवसांत तिचे तुकडे झाले असते. आज तीच गाडी मला ताम्हिणी चढवून नेते. पाप कुठे झालं?

आरटीओग्रस्त: पाप राहू द्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ ला स्पष्ट केलंय. २०२१ च्या व्हिंटेज नियमांतही पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, असंच आहे.

बॉबरवाला: त्याच नियमांत व्हिंटेज गाडी रोज चालवायची नाही, हेही आहे. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स. मला गाडी चालवायचीय.

कर्वेनगरची सून: कापा नाहीतर पुजा, पण रविवारी पहाटे साडेपाचला तुमची टोळी आमच्या गल्लीतून का जाते? सासूबाईंची बायपास झालीय. त्या दचकून उठतात, मग दिवसभर छाती धरून बसतात.

टाकीवाला: ती बुलेटवाली पोरं असतील. आमचा तसला आवाज नसतो.

बुलेटप्रेमी: आलं आमच्यावर! माझ्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा सायलेन्सर कंपनीचाच आहे. तुमच्यातलेच सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बॅफल काढून फिरतात.

जुना फिटर: फिरतात. तीस वर्षं जावासारखी टू-स्ट्रोक इंजिनं खोललीत, म्हणून सांगतो. बॅफल काढला की आवाज वाढतो आणि खालच्या वेगातली ओढ जाते. चढाला गाडी रडते. पोरं म्हणतात, पिकअप वाढला. बॅफल कार्बनने चोंदला असेल तर रात्रभर कॉस्टिक सोड्यात ठेवा, सकाळी घासा, परत बसवा. काढून फेकायची वस्तू नाही ती.

कर्वेनगरची सून: हे त्या पोरांना कोण सांगणार? चौकीत दोनदा तक्रार दिली, काही झालं नाही.

टाकीवाला: ताई, आमच्या ग्रुपमध्येही दोघे बिनबॅफलचे आहेत. मघाशी उगाच दुसऱ्यावर ढकललं. या रविवारपासून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत गाड्या ढकलत नेऊ. फ्रेम कापण्याबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

बॉबरवाला: नका घेऊ. माझी गाडी बॉबरच राहणार. पण उतरवलेला मागचा मडगार्ड माळ्यावर पडलाय. खालून सडलाय, पत्रा मात्र मैसूरचाच आहे. हवा असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.

टाकीवाला: मागच्या दिव्याची बैठक शाबूत आहे का? फोटो टाका.