लातूर पॅटर्नच्या अभ्यासक्रमात पाणी कुठे आहे? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांचा संवाद)

मांजराकाठ
एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही हकीकत आपण दुष्काळाची म्हणून सांगतो; मला ती शिक्षणाची वाटते. धनेगावचे मांजरा धरण आटले होते, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावण्याची वेळ आली होती, आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली तेव्हा तिच्या एका खेपेत २५ लाख लिटर पाणी असे. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ३.८३ लाख लोकसंख्येने भागले, तर माणशी साडेसहा लिटर. भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. परंतु निकालांमुळे आणि वैद्यकीय प्रवेशांमुळे ज्या शहराच्या नावापुढे 'पॅटर्न' हा शब्द कायमचा चिकटला, तेथेही असे भागाकार करण्याची सवय मुलांना लावली जाते असे मला दिसत नाही.

विषय नाही म्हणावे, तर विषय आहे. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, पर्यावरण शिक्षण सक्तीचे झाले आणि आपल्या राज्य मंडळाने पुढे जलसुरक्षेचीही त्यात भर घातली. तरीही तो श्रेणीचा विषय, म्हणजे वेळापत्रकातला पाहुणा. त्याची प्रकल्पवही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, आणि हे शिक्षक, पालक व परीक्षक अशा सर्वांना ठाऊक असते. आपण मुलांना पर्यावरण शिकवत नसून सहीपुरते खोटे लिहायला शिकवतो आहोत, असे मी म्हणेन.

माझा प्रस्ताव असा की, ही वही रद्द करावी आणि नववी ते बारावीच्या प्रत्येक वर्गाने आपल्या गावाचा किंवा प्रभागाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा: पडलेला पाऊस, विहिरींची पातळी, पिकांखालचे क्षेत्र, टँकरच्या खेपा. पावसाळा संपल्यावर तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात ग्रामसभा पाण्याचा असा हिशेब पाहूनच रब्बीची पिके ठरवते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास व ऊस लावण्यास तेथे बंदी आहे.

कोरडवाहू
आपला हेतू चांगला आहे. निदान मात्र चुकले आहे. पाणी कमी आहे हे आमच्याकडच्या निरक्षर म्हातारीलाही कळते, कारण घागर तिच्याच डोक्यावर असते. ऊस लावणारा अज्ञानापोटी लावत नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने उसाला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी (कारखान्याने द्यावयाचा किमान दर) ठरवली आणि तो घेणारा कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. तुरीला आणि सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो. परंतु खरेदी केंद्र वेळेवर उघडेल की नाही याची खात्री कोण देणार? त्यात पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलच्या धोरणाने उसाची ओढ आणखी वाढवली. हिवरे बाजारचा दाखलाही माझ्याच बाजूचा आहे, कारण तेथे बंदी घातली ती मतदार असलेल्या प्रौढांनी, नववीच्या वर्गाने नव्हे. जे मंत्रालयाला आणि कारखान्याला विचारायचे, ते चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात टाकून आपण मोकळे होणार काय?

गणिताच्या बाई
मी हा प्रयोग लहान प्रमाणात केला आहे, म्हणून लिहिते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे आठवीच्या मुलांना सांगितले आणि त्यांनाच शाळेचे छप्पर मोजायला लावले. साधारण ५०० चौरस मीटर भरले. ७०० मिलिमीटर पाऊस धरून आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानून २ लाख ८० हजार लिटर आले. पटावर २८० मुले आहेत; रोज माणशी पाच लिटरप्रमाणे दोनशे दिवस पुरेल एवढे ते पाणी होते. फळ्यावर उत्तर आले तेव्हा वर्ग गप्प झाला, कारण त्या दिवशीही शाळेच्या आवारात टँकर उभा होता.

पुढचे मात्र सांगितले पाहिजे. हौद बांधला, पण पन्हळीची जाळी साफ करायला माणूस नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याला वास येऊ लागला. आम्हा शिक्षकांना निवडणूक, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यातून उसंत मिळाली, तर जाळी मीच धुतली असती. शिवाय एका मुलीने विचारले की, गावात बोअर किती आणि कुणाचे, हे का मोजायचे नाही. तिच्या वडिलांचे चार होते. मी विषय बदलला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

कोरडवाहू
बाई, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, म्हणून आपलेच गणित पुढे नेतो. उसाला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा धरला, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर, म्हणजे आपल्या शाळेसारखी सत्तरहून अधिक छपरे. मुलांनी छपरे मोजावीत आणि शेजारच्या फडाला पाटाने पाणी जात राहावे, याला शिक्षण म्हणायचे असेल तर म्हणा.

वसतिगृहातला
मी त्या वर्षी लातुरात शिकत होतो. खोलीत चौघे आणि अंघोळ एक दिवसाआड. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'पर्यावरणाचे प्रश्न' हा धडा होता आणि त्यावर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला प्रश्न येत, म्हणून आम्ही तो पाठ केला. बादली शेजारी रिकामी होती, पण तिचा त्या धड्याशी संबंध जोडण्याची गरज कुणालाही वाटली नाही, मलाही नाही. पुढे केंद्रीय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने अभ्यासक्रम हलका करताना बारावीतून तो धडाच वगळला. आता पाठ करण्याचेही कारण उरले नाही. ज्या मुलाच्या वडिलांनी जमीन गहाण ठेवून शिकवणीचे शुल्क भरले आहे, त्याला ताळेबंद मांडायला सांगून पाहा; तो तयार वही विकत आणील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

मांजराकाठ
कोरडवाहू यांचा सत्तर छपरांचा हिशेब मला मान्य आहे, आणि माझ्या प्रस्तावात नेमकी तीच उणीव होती. ताळेबंदात छपराआधी ऊस आणि बोअर आले पाहिजेत. भाव बदलल्याशिवाय पीक बदलणार नाही, हेही खरे. परंतु हा सत्तरपटीचा आकडा येथे निघाला तो बाईंच्या मुलांनी छप्पर मोजले म्हणून, एवढे तरी त्यांनी मान्य करावे. वसतिगृहातल्या मित्राच्या आक्षेपावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. प्रवेश परीक्षेच्या सावलीत हे चालणार नसेल, तर अकरावी-बारावी सोडून नववी-दहावीपुरतेच ठेवावे लागेल.

बाई, त्या मुलीचा प्रश्न पुन्हा वर्गात घेणार असाल, तर बोअर कुणाचे ते न लिहिता वस्तीनिहाय संख्या लिहिता येईल, म्हणजे कुणाच्या वडिलांचे नाव फळ्यावर येणार नाही. उसाखालचे क्षेत्र ई-पीक पाहणीच्या (शेतकऱ्यांनी मोबाइलवर केलेल्या पीकनोंदणीच्या) नोंदींवरून घ्यावे, की तलाठ्याकडे बसून पडताळावे, याबद्दल आपला अनुभव कळवावा. जूनच्या आधी आमच्या गावच्या शाळेत पर्जन्यमापक बसवायचा आहे.