अकरा इंचांचा फूटपाथ

सचिव (ए-१०१): नमस्कार मंडळी 🙏 पुढच्या अंदाजपत्रकासाठी पुणे महापालिकेचे नागरिक-सूचनांचे अर्ज सुरू झालेत. एका कामाला ५ लाखांपर्यंत. शुक्रवारी क्षेत्रीय कार्यालयात द्यायचेत. काय मागायचं?

सी-३०२: गेटसमोर चार बाकडी.

बी-२०४: बाकडी नकोत काकू. रात्री बाराला पोरं आमच्या खिडकीखाली केक कापतात, तेवढं पुरे.

सी-३०२: मग म्हाताऱ्यांनी कुठे टेकायचं?

ए-५०३: उपयोग नाही हो कशाचा. २०१३ ला विकास आराखड्यावर ८७ हजार हरकती गेल्या, त्यात माझी एक. २०१५ ला सरकारने आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला.

सचिव: काका, तो अख्ख्या शहराचा डीपी. हे आपल्या गल्लीपुरतं, २००६ पासून चालू आहे.

बी-६०१: डीपी म्हणजे फूटपाथवरचा तो विजेचा डबा ना? आधी तोच हलवा 😀

बी-४०२: काल आईला घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत गेले. मध्ये गेटं सात. प्रत्येक गेटाशी फूटपाथ तुटलेला, उतरा आणि चढा. तिसऱ्या गेटाला आई म्हणाली, रस्त्यानेच जाऊ. आज शिवणाची टेप घेऊन गेले. कडेची उंची ११ इंच! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहाच. त्या डब्यापाशी चालायला दीड फूट उरतो, रुंदी हवी १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट.

बी-६०१: भर रस्त्यात टेप? 😮

बी-४०२: रसवंतीवाल्याने दुसरं टोक धरलं.

सचिव: वा ताई! मागच्या वेळी आपण नुसतं ‘फूटपाथ दुरुस्ती’ लिहिलं. ठेकेदाराने धड असलेले करडे ब्लॉक उपटून लाल बसवले, उंची तीच. यंदा मापं आणि फोटो जोडू.

बी-४०२: आणि हे ठळक लिहा: गेटाशी फूटपाथ तोडायचा नाही, सलग न्यायचा. गाड्यांसाठी बाहेरून उतार.

बी-२०४: म्हणजे रोज आमच्या गाड्यांनी चढायचं?

बी-४०२: हो. त्यांना इंजिन आहे.

सी-३०२: 😂😂 आणि माझी बाकडी?

बी-२०४: औषधाच्या दुकानासमोर मागा काकू. सही करतो.

सी-३०२: दोन तरी लिहा.

ए-५०३: अर्ज द्यायला मी जातो. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. २०१३ ची अजून जपून ठेवलीय.