मदत हवी आहे: ‘राष्ट्रापुढचा सर्वात गंभीर प्रश्न’ हे वादविवादात ठरवायचं कशावर?

नमस्कार मंडळी,

वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीचा विषय हातात पडलाय: ‘आजच्या घडीला राष्ट्रापुढील सर्वात गंभीर प्रश्न कोणता?’ राष्ट्र कुठलं ते मुद्दामच दिलेलं नाही. प्रत्येक संघाने आपला एक प्रश्न मांडायचा आणि बाकीच्यांचे खोडायचे.

आमच्या संघातला एक जण म्हणतो भ्रष्टाचार, दुसरी म्हणते हवामानबदल, आणि दोघांचंही पहिलं वाक्य एकच: ‘सगळ्याचं मूळ हेच आहे.’ आता मूळ शोधायचं तर कशाचंही मूळ कशातही सापडतं. शिक्षण नाही म्हणून गरिबी, गरिबी आहे म्हणून शिक्षण नाही, भ्रष्टाचारामुळे ही दोन्ही आणि या दोन्हींमुळे भ्रष्टाचार. परीक्षकांचे कान हे ऐकून किटले असतील.

मला मांडायचंय ते वेगळं आहे. आपली खरी अवस्था काय आहे हे कळून घ्यायची सोयच ज्या राष्ट्रात उरत नाही, त्याचा तो प्रश्न बाकी सगळ्यांहून गंभीर. आकडे दाबणं, वाईट बातमी वर न पोचणं, ती सांगणाऱ्यालाच धरणं, हे सगळं त्यात आलं. उदाहरणं जमवली आहेत. सोव्हिएत संघात 1937 साली जनगणना झाली, लोकसंख्या नेतृत्वाच्या अपेक्षेपेक्षा कमी भरली (मधे मोठा दुष्काळ होऊन गेला होता), तर निकाल दडपून मोजणाऱ्या अधिकाऱ्यांनाच अटक केली आणि 1939 मध्ये नव्याने जनगणना घेतली. ग्रीसमध्ये ऑक्टोबर 2009 मध्ये नव्या सरकारने सरकारी तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 12 टक्क्यांहून जास्त असल्याचं सांगितलं; आधी सांगितलेल्या आकड्याच्या हे दुपटीहून जास्त होतं, आणि अंतिम हिशोबात ती 15च्याही वर गेली. पुढे तो देश कर्जसंकटात बुडाला हे सगळ्यांना माहीत आहे.

अडचण अशी की हे फार पुस्तकी वाटतं. समोरच्याने ‘उपाशी माणसाला तुमचे आकडे काय कामाचे?’ एवढं विचारलं की टाळ्या त्याला. याला उत्तर काय द्यावं? आणि ‘गंभीर’ कशाला म्हणायचं, त्याचा निकष कुठला धरावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या.

प्रतिसाद १

निकष आधी सांगा, मुद्दा नंतर. बहुतेक संघ उलटं करतात आणि मग ‘आमचा प्रश्न मोठा, तुमचा लहान’ अशी भांडणं होतात.

लोकांना काय गंभीर वाटतं हा निकष अजिबात घेऊ नका. गॅलप ही संस्था अमेरिकेत 1930च्या दशकापासून ‘देशापुढचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न कोणता’ असं विचारत आलीये आणि उत्तर हवेसारखं बदलतं: कधी युद्ध, कधी महागाई, कधी स्थलांतर. मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी 1968च्या निवडणुकीत तिथल्याच चॅपेल हिल गावच्या मतदारांची पाहणी केली तेव्हा दिसलं की लोकांची यादी आणि माध्यमांनी लावून धरलेल्या विषयांची यादी जवळपास जुळते. हे विरोधी संघावर वापरता येईल.

प्रतिसाद २

माझ्या मते निकष एकच ठेवा: चूक परत फिरवता येते का? झिंबाब्वेत 2008 मध्ये महागाईने चलनाचा पार कचरा झाला. भयंकर काळ होता तो. पण 2009 मध्ये परकीय चलनं चालू केल्यावर भाव थोड्याच काळात थांबले. आता मध्य आशियातला अरल समुद्र घ्या. कापसासाठी त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी 1960च्या दशकापासून वळवलं, आणि आज पूर्वी जिथे बंदर होतं तिथे वाळूत जहाजं गंजत पडलीत. उत्तरेकडचा तुकडा धरण बांधून थोडा सावरला, बाकीचा गेला तो गेला. गाजावाजा महागाईचा जास्त होतो, पण गंभीर कोणतं?

लोकसंख्येचा मुद्दा कुणी आणला तर चीन दाखवा. 1980च्या सुमारास एका अपत्याची सक्ती, 2021 मध्ये तीन अपत्यांना परवानगी. एका पिढीचा सर्वात गंभीर प्रश्न पुढच्या पिढीला नेमका उलटा होऊन बसला.

प्रतिसाद ३

ताई, उपाशी माणूस हेच तुमचं सर्वात भक्कम उदाहरण आहे, ते विरोधकांना का देताय?

अमर्त्य सेन यांचं म्हणणं असं की मुक्त वृत्तपत्रं आणि खऱ्या निवडणुका असलेल्या देशात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडत नाहीत, कारण बातमी दाबता येत नाही आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं. चीनमध्ये 1958 नंतर उलटं घडलं. वरच्यांना खूश करायला खालचे अधिकारी पीक फुगवून कळवायचे. फुगवलेल्या पिकावर सरकारी वसुली ठरायची. म्हणजे कागदावर जे धान्य कधी पिकलंच नव्हतं त्याचा वाटा शेतकऱ्याच्या खऱ्या धान्यातून उचलला जायचा. 1959 ते 1961 मध्ये कोट्यवधी माणसं मेली. तुमच्या भाषणाची सुरुवात इथून करा, ग्रीसची तूट कुणाच्या लक्षात राहणार नाही.

आणि सोव्हिएत संघातलं चेर्नोबिल अणुवीजकेंद्र घ्याच. 26 एप्रिल 1986ला स्फोट झाला. 28 तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीजकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्साराचा इशारा वाजला. आधी त्यांना वाटलं आपल्याच केंद्रात गळती आहे. मॉस्कोने त्या संध्याकाळी चार वाक्यांत कबुली दिली, आणि 1 मेला कीव्हमध्ये मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. स्वतःच्या बहुतेक नागरिकांआधी परक्या देशाच्या बुटांना कळलं. सभेत हे चालतं.

प्रतिसाद ४

सगळे मान डोलावताहेत म्हणून जरा आडवं लावतो.

दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, 2023 मध्ये 0.72 होता. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतो. कुणी लपवला का हा आकडा? सरकारनेच छापलाय, वर्षानुवर्षं त्यावर पैसाही ओतलाय. हवामानबदलाचंही तेच. आयपीसीसी ही हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय समिती 1988 मध्ये स्थापन झाली, अहवाल जगजाहीर आहेत, तरी त्यानंतर जगाचं कार्बन उत्सर्जन वाढलंच. कळलं म्हणून वळलं असं काही होत नाही. उलटतपासणीत हे आलं तर तुमचा इमला एका वाक्यात बसेल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून तासभर डोकं धरून बसले होते, पण हवा होता तो हाच. संघात वाचून दाखवला तर हवामानबदलवाली मैत्रीण खूश, तिला वाटतंय आता तिचाच विषय घ्यावा लागणार :)

सध्या असं उत्तर सुचतंय: कोरियाला आपला प्रश्न सुटत नाही, पण काय फसलं ते त्यांना दिसतं, उघड वाद घालता येतो, धोरण बदलता येतं. चीनच्या त्या शेतकऱ्याला यातलं काहीच शक्य नव्हतं. म्हणजे ‘माहिती असली की प्रश्न सुटतो’ असा दावा आम्ही करायचाच नाही. ‘माहिती नसली तर सुटायची शक्यताच उरत नाही’ एवढाच करायचा. परत फिरवता येणं हा प्रतिसाद २चा निकष धरते, त्यात हे नीट बसतं. टिकेल का हे? आणि हा लहान केलेला दावा आपणहून आधीच सांगावा की समोरून प्रश्न येईपर्यंत राखून ठेवावा?

प्रतिसाद ४

टिकेल. आधीच सांगा, पहिल्या मिनिटातच. राखून ठेवलात तर परीक्षकांना वाटेल की अडचणीत आल्यावर माघार घेतली. फक्त एक करा, भ्रष्टाचारवाल्या संघाला तयार राहा. ते म्हणतील आकडे दाबणं हाही भ्रष्टाचारच. तेव्हा त्यांना विचारा की 1937च्या जनगणनेत पैसे कुणी खाल्ले.

प्रतिसाद ३

+१. आणि बुटांची गोष्ट शेवटी नको, मधे घ्या. शेवटच्या मिनिटाला घंटा वाजते आणि ती अर्धवट राहते.