शब्दचर्चा : ‘संपीडित ध्वनी’ म्हणावे का?

प्रश्न

अंध श्रोत्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना मराठीत सूचनापत्र द्यायचे आहे. वाचन मोबाइलवर किंवा खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरवर होते, मग त्याची एमपी३ केली जाते. ‘कॉम्प्रेस्ड ऑडिओ’ला ‘संपीडित ध्वनी’ म्हणावे का? पॉज आणि स्टॉपला काय म्हणावे? वाचकांपैकी काहीजण स्वतः अंध आहेत आणि हे पत्र स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणार आहेत, म्हणून शब्द ऐकताक्षणी कळायला हवेत.

उत्तर

‘संपीडित’ नकोच. शाळेच्या विज्ञानात ध्वनिलहरीच्या दाट भागाला संपीडन म्हणतात आणि विरळ भागाला विरलन. स्टुडिओत ‘कॉम्प्रेशन’ म्हटले की हळू आणि मोठ्या आवाजातली तफावत कमी करणे, त्याने वेव्ह फाइल (आकार कमी न केलेली ध्वनिफाइल) एका बाइटनेही लहान होत नाही. तिसरा अर्थ फाइलचा आकार कमी करण्याचा. तीन अर्थ एका शब्दावर लादले तर सूचनापत्र निकामी होईल. ‘दाबलेला ध्वनी’ही नको, मराठीत दबका आवाज म्हणजे वेगळेच काहीतरी.

शिवाय आकार कमी करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. झिप किंवा फ्लॅक (काही न गमावता आकार कमी करणारा ध्वनिफाइलचा प्रकार) म्हणजे कापडाची घडी, उलगडली की सगळे जसेच्या तसे. एमपी३ म्हणजे कात्री. कानाला सहसा न जाणवणारा भाग ती काढून टाकते आणि तो परत येत नाही. म्हणून फ्लॅकला ‘घडी’ आणि एमपी३ला ‘काटछाट’ म्हणावे. ‘मूळ वेव्ह फाइल जपून ठेवा, काटछाट केलेली प्रत पाठवा’ हे वाक्य कुणालाही कळते, आणि मूळ का जपायची तेही त्यातच येते. सेकंदाला ३२ किलोबिटची एमपी३ पुन्हा १२८ची केली तर फाइल चौपट होते, आवाज सुधारत नाही.

आणखी एक उत्तर

‘काटछाट’ पटले. ‘बिटरेट’ (दर सेकंदाला किती बिट साठवले जातात तो दर) हा शब्द मात्र तसाच ठेवा, फोनमध्ये सर्वत्र तोच शब्द ऐकू येतो. सोबत आकडे द्या. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीची) अशी वेव्ह तासाला सुमारे ३१८ एमबी होते. तेच ६४ किलोबिट मोनो एमपी३मध्ये सुमारे २९ एमबी. एका माणसाच्या वाचनाला स्टिरिओ लागत नाही. ते निवडले तर तेच बिट दोन बाजूंत वाटले जातात.

एएमआर या (फोनवरचे बोलणे साठवण्याच्या) फाइलप्रकाराबद्दल ठळक इशारा हवा. साधा एएमआर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतो, त्यामुळे ४,००० हर्ट्‌झच्या वरचे काहीच त्यात येत नाही. ‘स’ची शीळ बरीचशी या मर्यादेच्या वरच असते. मग ‘साप’ आणि ‘शाप’ कानाला सारखे लागतात. गोष्टीत संदर्भाने निभावते, पण कवितेत किंवा विशेषनामात ऐकणाऱ्याने काय करावे? त्यातून अनेकजण दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, तिथे अंदाज बांधायला सवड नसते.

पॉज आणि स्टॉपबद्दल

इथे शब्दाची चूक थेट नुकसान करते. दोन्हींना मराठीत ‘थांबवा’ म्हटले जाते. डोळस माणसाला दोन उभ्या रेघा आणि चौकोन दिसतो, अंध माणसाला दोनदा ‘थांबवा, बटण’ ऐकू येते. पॉजला ‘विराम’ आणि स्टॉपला ‘मुद्रण संपवा’ म्हणा. ‘मिटवा’ टाळा, त्यात बंद करणे आणि पुसून टाकणे दोन्ही आहे.

कारणही लिहा. एम४ए (मोबाइलवरच्या मुद्रणाचा एक फाइलप्रकार) फाइलची अनुक्रमणिका बहुतेक रेकॉर्डर शेवटी, मुद्रण संपवतानाच लिहितात. नुसता विराम देऊन ठेवला आणि बॅटरी संपली तर तासाभराचे वाचन असूनही फाइल वाजत नाही. एमपी३ तुकड्यातुकड्याने लिहिली जाते, तुटली तरी तुटेपर्यंतचे वाजते.

‘पातळी’ दोनदा येते

डेझी पुस्तकात (अंध वाचकांसाठीच्या, प्रकरणांवर उडी मारता येणाऱ्या बोलक्या पुस्तकात) मथळ्यांना ‘लेव्हल’ असतात, आवाजालाही ‘लेव्हल’. दोन्हींना ‘पातळी’ म्हणू नका. पातळी आवाजासाठी ठेवा, डेझीत सरळ ‘प्रकरण, उपप्रकरण, पान’ म्हणा, ऐकणारा त्यांवरूनच उड्या मारत पुढे जातो.

डेझीसाठी बिटरेट स्थिर हवा. डेझीच्या २.०२ आवृत्तीत एसएमआयएल नावाची खुणांची फाइल सांगते की अमुक वाक्य एमपी३च्या अमुक सेकंदाला सुरू होते. बिटरेट बदलता असेल तर काही प्लेअर ती जागा चुकवतात आणि उडी वाक्याच्या मध्यात पडते. खुणा घातल्यावर एमपी३मधला खोकला कापला तरी तेच, पुढची सगळी वाक्ये सरकतात. आधी कापाकाप, मग खुणा.

क्लिपिंगला (आवाज मर्यादेपेक्षा मोठा होऊन बिघडण्याला) नवा शब्द घडवू नका. ‘आवाज फाटणे’ सगळ्यांच्या तोंडात आहे. ‘सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.’ माइकचे अंतर सेंटिमीटरपेक्षा ‘एक वीत’ असे सांगा. हाताने मोजता येते. माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’चा झोत त्यावर आदळतो.

पुरवणी

एमपी३ला ‘ध्वनिफीत’ म्हणू नका. फीत कॅसेटची. ‘ध्वनिफाइल’ पुरे.

फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ‘शून्य शून्य एक’ असा तीन अंकी क्रमांक ठेवा. नुसते एक, दोन, दहा लिहिले तर कित्येक प्लेअर एकनंतर दहा वाजवतात. हे क्रमांक इंग्रजी आकड्यांत असू द्या, कारण मराठी आवाज नसलेली जुनी यंत्रे देवनागरी नाव वाचतच नाहीत.