उत्तर: बॅकअप रूट चढतच नाही

प्रश्न असा: राउटरला दोन इंटरनेट लाइन आहेत, पण पहिली तुटली तरी तो दुसरीवर, म्हणजे बॅकअपवर, जात नाही. बॅकअप डिफॉल्ट रूटला (वेगळा मार्ग दिला नसेल तेव्हा वापरायचा मार्ग) डिस्टन्स (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) २०० दिला की काम झालं, हे अर्धंच खरं. सिस्को राउटरवर पहिला स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग, डिस्टन्स १) सहसा इंटरफेस, म्हणजे पोर्ट, डाउन झाला तरच राउटिंग टेबलातून जातो. लाइन मोडेमच्या पलीकडे तुटली तर इथर्नेट पोर्ट अपच राहतो, आणि २०० वाला नुसता वाट बघत बसतो. म्हणून आयपी एसएलएचा (सिस्कोची लाइन तपासायची सोय) पिंग लावून पहिला रूट ट्रॅकला बांधा, म्हणजे पिंग फसला की तो रूट टेबलातून निघेल.

त्या पिंगच्या पत्त्यासाठी पहिल्या लाइनवरून /३२ रूटही (फक्त त्या एका पत्त्याचा मार्ग) हवाच. नाहीतर पिंग बॅकअपवरून यशस्वी होतो, जुना रूट परत चढतो, पुन्हा पडतो, असा झोपाळा सुरू. आणि पिंगचा तो पत्ता युझरांच्या डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) नको. लाइन पडली की डीएनएसचा ट्रॅफिक /३२ मुळे त्या पडलेल्या लाइनवरच अडकतो.