मदत हवी आहे: दुभाजक त्रिकोणाच्या बाहेर जातायत

कोथरूडचे_बाबा: मुलगी सातवीत, उद्या चाचणी. त्रिकोणाचे तिन्ही दुभाजक एका बिंदूत मिळायला हवेत ना? आमचे बाहेर जातात, आणि तिथेही मध्ये बारकासा त्रिकोण उरतो. खोडून खोडून कागद फाटायला आलाय. लवकर सांगा.

गुण्या: कोनांचे की बाजूंचे?

कोथरूडचे_बाबा: दुभाजक हो! बरोबर अर्धे करणारे.

निवृत्त_मास्तर: कोनदुभाजक असतील तर कुठल्याही त्रिकोणात आतच मिळतात. बाजूंचे लंबदुभाजक (बाजूच्या मध्यातून जाणाऱ्या लंब रेषा) असतील आणि एखादा कोन ९०° च्या वर असेल, तर बाहेरच मिळणार. काटकोन असेल तर बरोबर कर्णाच्या मध्यावर. मापं द्या.

कोथरूडचे_बाबा: अब ५ सेंमी, बक ४ सेंमी, कोन ब १२०°. बाजूंचेच आहेत.

वारजे_मेघना: कंपास ठेवून द्या. ट्रेसिंग पेपरवर त्रिकोण काढा, अ वर ब आणून घडी घाला. ती घडीच लंबदुभाजक. माझ्या मुलाला असंच कळलं.

निवृत्त_मास्तर: घडीला मार्क मिळत नाहीत, ताई.

वारजे_मेघना: समजायला सांगितलं सर, मार्कांना नाही.

पेन्सिलवाला: बारका त्रिकोण उरतो म्हणजे कंपासचा स्क्रू ढिला. अप्पा बळवंत चौकातून चांगला घ्या.

गुण्या: रात्री दहाला? आणि दिवसा गेलं तर गाडी कुठे लावायची तेही सांगा.

पेन्सिलवाला: बसने जा.

निवृत्त_मास्तर: विषयावर या. त्रिज्या बाजूच्या अर्ध्यापेक्षा जराशीच जास्त घेतली की कमानी रेषेला चिकटून छेदतात, आणि पट्टी केसभर हलली तरी लांबवर रेष भलतीकडे जाते. बाजूच्या पाऊण लांबीएवढी घ्या. मग तिन्ही लंबदुभाजक मिळतात त्या बिंदूवर कंपासचं टोक ठेवून अ पर्यंत उघडा, साधारण साडेचार सेंमी येईल. वर्तुळ ब आणि क मधूनही गेलं की रचना बरोबर.

कोथरूडचे_बाबा: ४.५ आलं! झोपवतो तिला.

दहावी_ब: धागा वर आहेच तर, कोनदुभाजक समोरच्या बाजूचा मध्य गाठतो ना?

गुण्या: नाही. कोनालगतच्या बाजू ६ आणि ४, समोरची ५, तर तुकडे ३ आणि २. लगतच्या बाजू सारख्या असतील तरच मध्य.

दहावी_ब: सिद्धता पण द्या ना.

निवृत्त_मास्तर: वेगळा धागा काढा. आणि आकृती काढून आणा.