अनुभव धागा: सी++ची ऑब्जेक्टं स्क्रिप्टच्या हाती देताना

मंडळी, सी++मधलं इंजिन आणि त्यावर लुआ किंवा पायथनचं स्क्रिप्टिंग ही जोडी गेममध्ये आणि इमेज प्रोसेसिंगमध्ये जागोजागी दिसते. बाइंडिंग, म्हणजे सी++चा कोड स्क्रिप्टमधून वापरता यावा म्हणून केलेली जोडणी, शिकवणारे लेख पुष्कळ आहेत, पण बरेचसे दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन दाखवून थांबतात. घोळ सुरू होतो त्यानंतर: ऑब्जेक्ट कोणाच्या मालकीचं, ते मोकळं कोण करणार, आणि स्क्रिप्टकडे राहिलेल्या पॉइंटरचं (मेमरीतल्या पत्त्याचं) काय. इथे आपबीती नको. चूक, तिचं कारण आणि इलाज एवढंच लिहा. सोयीसाठी सगळ्यांनी एकच उदाहरण घेऊ: 'चित्र' नावाचा क्लास, पोटात पिक्सेल. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

स्टॅकखालचा

लुआपासून सुरुवात करतो. यूजरडेटा म्हणजे लुआच्या हाती दिलेला सी++चा डेटा. फुल यूजरडेटा आणि लाइट यूजरडेटा यांत गल्लत नको. फुल म्हणजे लुआने स्वतः दिलेली मेमरी. लाइट म्हणजे नुसता पॉइंटर. सगळ्या लाइट यूजरडेटांना मिळून एकच मेटाटेबल (ऑब्जेक्ट कसं वागेल ते ठरवणारं टेबल) असतं, त्यामुळे 'चित्र' आणि 'फॉन्ट' वेगळे ओळखता येत नाहीत. मेथड असलेल्या ऑब्जेक्टला फुलच लागतो.

क्रम असा: क्लासच्या नावाने न्यूमेटाटेबल, त्यात मेथडी भरायच्या, __इंडेक्स (मेथड कुठे शोधायची ते सांगणारं फील्ड) त्या मेटाटेबलकडेच वळवायचा, __जीसी (ऑब्जेक्ट गोळा होताना चालणारं फंक्शन, म्हणजे फायनलायझर) लावायचा आणि मग ऑब्जेक्ट बनवायची. __जीसी आधीच असायला हवा. ५.२ पासून सेटमेटाटेबल होतानाच लुआ ऑब्जेक्टवर खूण करते. __जीसी नंतर टाकला तर आधीच्या ऑब्जेक्टांसाठी तो कधीच चालत नाही आणि एररही येत नाही.

प्रत्येक मेथडची पहिली ओळ चेकयूडेटा. तिथे टूयूजरडेटा (प्रकार न तपासता पॉइंटर देणारा) वापरला, की स्क्रिप्टमध्ये कोणी फॉन्टवर चित्राची मेथड चालवली तरी सी++ मुकाट्याने भलतीच मेमरी वाचतं. चेकयूडेटा मेटाटेबल तंतोतंत जुळतंय का एवढंच बघतो, इनहेरिटन्स त्याला कळत नाही. बेस क्लासच्या मेथडसाठी टेस्टयूडेटाने (तीच तपासणी, पण एरर न देता) संभाव्य क्लास एकेक करून तपासा.

डिस्ट्रक्टर

माझ्या मते बाइंडिंगचं निम्मं काम म्हणजे मालकी ठरवणं. तीन प्रकार वेगळे ठेवा.

एक, स्क्रिप्टने बनवलेलं ऑब्जेक्ट. यूजरडेटाच्या मेमरीतच प्लेसमेंट न्यूने (दिलेल्या मेमरीत ऑब्जेक्ट बांधणारा सी++चा न्यू) बांधा आणि __जीसीमध्ये फक्त डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्टची आवराआवर करणारं फंक्शन) बोलवा. डिलीट करू नका, ती मेमरी लुआची आहे. स्क्रिप्ट मेटाटेबल मिळवून __जीसी स्वतः चालवू शकते, म्हणजे डिस्ट्रक्टर दोनदा. म्हणून मेटाटेबलात __मेटाटेबल हे फील्ड भरून ते लपवा आणि आत 'संपलं' असा झेंडाही ठेवा.

दोन, इंजिनच्या मालकीचं ऑब्जेक्ट. इथे स्क्रिप्टला कच्चा पॉइंटर देऊच नका. हँडल द्या: ३२ बिटांपैकी २० बिट जागेचा क्रमांक (१०,४८,५७६ जागा) आणि १२ बिट पिढीचा क्रमांक (४,०९६ पिढ्या). इंजिनने चित्र काढून टाकलं की त्या जागेची पिढी एकने वाढवायची. मेथडने आधी पिढी जुळवायची, जुळली नाही तर 'हे चित्र आता नाही' असा स्वच्छ एरर. तपासणीचा खर्च एका तुलनेचा. तोही नको म्हणणाऱ्यांना क्रॅश डंप वाचायची हौस असावी.

तीन, पोटातलं ऑब्जेक्ट, म्हणजे चित्राचा थर. स्क्रिप्टने थर धरून ठेवला आणि चित्र सोडलं, तर चित्र गोळा होतं आणि थराचा पॉइंटर लटकतो. ५.४मध्ये न्यूयूजरडेटायूव्हीने थराला एक यूजर व्हॅल्यू द्या आणि त्यात चित्राचा यूजरडेटा ठेवा. थर जिवंत तोवर चित्र जिवंत. दोन्ही एकाच फेरीत मेले तर फायनलायझर उलट क्रमाने चालतात: थर नंतर बनला, म्हणून आधी जातो.

बंद करतानाचा क्रमही लक्षात ठेवा. लुआ_क्लोज आधी, इंजिन नंतर. उलट केलं तर शेवटचे __जीसी मेलेल्या इंजिनात शिरतात.

अर्धविराम

वरच्या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे इंजिनच्या मालकीच्या ऑब्जेक्टला, पुरवणी. एकच चित्र दोनदा पुश केलं तर दोन वेगळे यूजरडेटा होतात. मग == खोटं ठरतं, आणि टेबलची की म्हणून वापरलेलं चित्र सापडत नाही. इलाज: रजिस्ट्रीत (सी++ बाजूसाठी लुआने राखलेल्या टेबलात) व्हॅल्यू जिवंत न धरणारं दुर्बळ टेबल ('__मोड'ला 'व्ही'), की म्हणून पत्ता, व्हॅल्यू म्हणून यूजरडेटा. पुश करण्याआधी त्यात शोधा.

पण ऑब्जेक्ट डिलीट झालं आणि त्याच पत्त्यावर नवं आलं, तर जुनाच यूजरडेटा परत मिळतो, कधी भलत्याच क्लासचा. डिलीट करताना नोंद काढा, किंवा की म्हणून पत्त्याऐवजी हँडल वापरा.

लाँगजंप

सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आला की लाँगजंप करते, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून थेट मागे उडी मारते. वाटेतले सी++ डिस्ट्रक्टर चालण्याची खात्री नाही. फंक्शनच्या सुरुवातीला स्ट्रिंगचं ऑब्जेक्ट बनवलं आणि नंतर चेकइंटिजर (आर्ग्युमेंट पूर्णांक आहे का बघणारा) फसला, तर स्ट्रिंगची मेमरी गेली. तिथे म्यूटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा) लॉक असेल तर प्रोग्रामच अडकला.

शिस्त अशी: आधी सगळे आर्ग्युमेंट तपासून साध्या चलांत घ्या. मग आतल्या कंसात सी++चं काम, भोवती ट्राय-कॅच. एरर असेल तर संदेश साध्या कॅरॅक्टर अ‍ॅरेत कॉपी करा, कंस संपू द्या आणि मगच लुआएल_एरर.

दुसरा मार्ग म्हणजे अख्खी लुआ सी++ कंपायलरने बांधणं. मग ती एक्सेप्शन फेकते. तेव्हा लुआ.एचपीपी घेऊ नका, त्यातल्या एक्सटर्न सीमुळे लिंकर नावं शोधत बसतो. आणि तुमच्या फंक्शनातला सरसकट कॅच लुआचे स्वतःचे एररही गिळतो.

कचराकुंडी

४००० × ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट: ४.८ कोटी बाइट. यूजरडेटात मात्र ८ बाइटांचा पॉइंटर. गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी गोळा करणाऱ्याला) तेवढेच दिसतात, त्यामुळे त्याला घाई नसते. लूपमध्ये शंभर चित्रं उघडली तर ४.८ जीबी जाते आणि लुआच्या हिशेबात काही केबी. स्पष्ट 'बंद' मेथड द्या. ५.४ असेल तर __क्लोज (चलाची हद्द संपताच चालणारं फंक्शन) लावा आणि स्क्रिप्टमध्ये लोकल चल <क्लोज> करून घ्या. __जीसी शेवटची जाळी म्हणून राहू दे.

सापशिडी

पायथनकडचं. पायबाइंड११ या सी++ लायब्ररीने बाइंडिंग लिहिणं सोपं झालं, मालकी आहे तिथेच आहे.

फंक्शनने पॉइंटर परत केला आणि रिटर्न पॉलिसी (परत दिलेलं कोणाच्या मालकीचं ते ठरवणारी) दिली नाही, तर पायथन मालकी घेतो. 'मुख्य_चित्र' इंजिनच्या मेंबरचा पॉइंटर देत असेल, तर पायथनकडचं शेवटचं नाव सुटताच डिलीट, आणि पुढे इंजिनकडून दुसरा डिलीट. इथे रेफरन्स_इंटर्नल (मालकी न घेणारी पॉलिसी) हवा. उलट, साधा रेफरन्स परत केला तर डीफॉल्टने कॉपी होते: स्क्रिप्टमध्ये केलेले बदल मूळ चित्रात उमटत नाहीत आणि लोक बग भलतीकडे शोधतात.

तसंच व्हेक्टरचं. पायबाइंडचं एसटीएल.एच घेतलं की व्हेक्टरची पायथन लिस्ट होते, तीही कॉपी. चित्र.थर.अपेंड(नवा) मुकाट चालतं आणि चित्रात काहीच येत नाही. मेक_ओपेक (लिस्ट होणं थांबवणारा) वापरा किंवा सरळ 'थर_जोड' मेथड द्या. मी दुसरं सुचवेन.

शेअर्ड_पीटीआर (वापरणाऱ्यांची मोजणी ठेवणारा पॉइंटर) वापरत असाल तर क्लासचा होल्डरही (पायथन बाजूने ऑब्जेक्ट धरणारा पॉइंटर) तोच ठेवा. कच्च्या पॉइंटरवरून दुसरा शेअर्ड_पीटीआर बनला की दोन मोजण्या, दोन डिलीट.

जड फिल्टरला कॉल_गार्डमध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडायला सांगा, नाहीतर बाकीचे पायथन थ्रेड ताटकळतात. जीआयएल सोडलेल्या भागात एकाही पायथन ऑब्जेक्टला हात नको. दुसऱ्या थ्रेडवरून कॉलबॅक बोलवायचा तर आधी जीआयएल घ्या.

सोळाचा पाढा

छोटी नोंद. लुआच्या यूजरडेटाची अलाइनमेंट (पत्ता कितीच्या पटीत असतो ते) ६४ बिटांवर सहसा ८ची असते. एसएसईला (प्रोसेसरच्या सिम्ड, म्हणजे अनेक आकडे एकदम हाताळणाऱ्या सूचनांना) १६ लागते. क्लासमध्ये सिम्ड मॅट्रिक्स असेल तर प्लेसमेंट न्यू कधी चालेल, कधी कोसळेल. आत फक्त पॉइंटर ठेवा किंवा जास्त जागा घेऊन पत्ता पुढे सरकवा.

पुन्हा_कॉल

स्क्रिप्टचं फंक्शन सी++मध्ये साठवायचं तर लुआएल_रेफने रजिस्ट्रीत ठेवा आणि काम संपलं की अनरेफ. विसरलात तर ते फंक्शन, आणि त्याने धरलेली चित्रं, स्टेट बंद होईपर्यंत गोळा होत नाहीत.

सोबत आलेला लुआ_स्टेट पॉइंटर (चालू लुआ थ्रेडचा) साठवू नका. नोंदणी कोरूटीनमधून (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणाऱ्या लुआ थ्रेडमधून) झाली असेल तर तो कोरूटीनचा असतो, आणि कोरूटीन गोळा झाली की पॉइंटर लटकतो. ५.२ पासून मुख्य थ्रेड रजिस्ट्रीत मिळतो, तो घ्या. आणि कॉलबॅकमध्ये यील्ड करायचं (मध्येच थांबायचं) असेल तर साध्या पीकॉलऐवजी (एरर पकडून फंक्शन चालवणारा) कंटिन्युएशनवाला पीकॉलके लागतो.

स्टॅकखालचा

दोन गोष्टी राहिल्या. तपासताना एपीआयचेक (लुआच्या एपीआयचा चुकीचा वापर पकडणारा) चालू करून लुआ बांधा, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावा आणि चाचणीच्या प्रत्येक फेरीत पूर्ण कलेक्टगार्बेज करा. कधीतरी होणारा क्रॅश मग लवकर हाती लागतो.

दुसरी आपल्या लिपीची. चित्राचं नाव 'मराठी' असेल तर लुआत # त्याची लांबी १५ सांगतो, कारण तो बाइट मोजतो: पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), प्रत्येकी तीन बाइट. ५.३ पासून यूटीएफ८.लेन ५ देतो. नाव छाटून दाखवणारी मेथड सी++मध्येच लिहा. स्क्रिप्टवर सोडलीत तर कोणीतरी दहाव्या बाइटवर कापतो आणि 'ठ'च्या जागी चौकोन दिसतो.